पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिली दौड

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा तुरीच्या बाजाराविषयी किंवा आडतीच्या बदलत्या पद्धतीविषयी चार शब्द लिहावेत, असाच माझा प्रथम विचार होता. परंतु त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्या संघटनेत पुष्कळ आहेत. त्याऐवजी ज्या एका गोष्टीने २०२३ च्या सप्टेंबरपासून पुढील सोळा महिन्यांत माझा दिनक्रम, माझे ताट आणि काही अंशी माझा स्वभावही बदलला, ती सांगावी असे मनाने घेतले. ती गोष्ट म्हणजे धावणे. ४७ वर्षे वयाच्या, ९१ किलो वजनाच्या, करजगीसारख्या गावी आडतीच्या गादीवर बसून दिवस काढणाऱ्या मनुष्याने १० किलोमीटरच्या शर्यतीत उतरावे, हे ऐकून ज्यांना हसू आले त्यांचा मला राग नाही. प्रथम मलाही आलेच होते.

आपल्या धंद्याचे स्वरूप असे, की सकाळी आठास गादीवर बसलेला मनुष्य रात्री रोजमेळ मिळेपर्यंत फार तर पन्नास पावले चालतो. पोती उचलावयास हमाल आहेत, निरोप न्यावयास मुनीम आहेत, आणि आता तर भाव विचारण्यासाठी ओट्यापर्यंतही जावे लागत नाही. तो खिशातल्या मोबाईलवर येतो. लोडाला टेकावे, आल्यागेल्याबरोबर चहा घ्यावा, आणि हंगामात दुपारचे जेवण चार वाजता घाईने उरकावे. आमचे तीर्थरूप अप्पा याच गादीवर बसत. तुरीच्या ऐन हंगामात, वयाच्या ५८ व्या वर्षी, पट्टी लिहिता लिहिता त्यांच्या छातीत कळ आली आणि कलबुर्गीच्या वाटेवरच सारे संपले. थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांना गेली आठ वर्षे इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. तेव्हा माझ्या रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३ होता. ६.५ पासून मधुमेह धरतात, ५.७ च्या पुढे त्याचा उंबरठा समजतात. कंबरेचा घेर १०८ सेंटिमीटर भरला. आपल्याकडील पुरुषांना ९० च्या व स्त्रियांना ८० च्या पुढचा घेर धोक्याचा, असे डॉक्टर म्हणाले. आपल्या लोकांच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि युरोपीय मनुष्यापेक्षा कमी वजनावरच साखरेचा विकार जडतो, म्हणून आपल्यासाठी मापही कडक आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत अविनाश साबळे या तरुणाने ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. रविवार होता. चिरंजीवांनी मोबाईलवर ती शर्यत मला दाखविली. या प्रकारात धावता धावता २८ वेळा आडवे अडसर ओलांडावे लागतात आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. हा गडी पहिल्यापासून एकटाच पुढे, मागे कोणी दिसेना. ८ मिनिटे १९.५० सेकंदांत त्याने शर्यत संपविली. मी कौतुकाने पाहत होतो, इतक्यात चिरंजीव म्हणाले, "अप्पा, याचंही वजन एकदा ७६ किलो झालं होतं."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर माझ्या धावण्याचे मूळ तिच्यात आहे. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा, शेतकरी घरातला. बीड आणि आपला गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे हा मुलगा मला परका वाटला नाही. शाळा सहा किलोमीटरवर. वाहन नाही, म्हणून लहानपणी तो चालत, धावत जाई. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, भरती झाला. सियाचेनच्या बर्फात आणि पुढे राजस्थानच्या वाळूत त्याने पहारा केला. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण शर्यतीत धावण्याचा विचार तोपर्यंत त्याच्या मनात नव्हता. २०१५ साली सहकाऱ्यांच्या आग्रहावरून तो सैन्यातल्या आंतरपलटण क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. पुढे आजारपणात सराव सुटला आणि वजन ७६ किलोंवर गेले. धावपटूच्या दृष्टीने हे वजन म्हणजे कारकीर्द संपल्याचीच खूण. त्याने तीन महिन्यांत सुमारे १५ किलो वजन उतरविले आणि तो पुन्हा धावू लागला. २०१७ साली सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याची चाल हेरून त्याला स्टीपलचेसकडे वळविले, आणि पुढल्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तर केनियाच्या विजेत्यापेक्षा तो अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे राहिला.

तीन महिन्यांत १५ किलो! हा आकडा मी ऐकला आणि त्याच रात्री हिशेब मांडला, की दिवाळीनंतर सुरुवात केली तर होळीच्या आत आपण ७५ वर येऊ. येथेच माझी चूक झाली. साबळे तेव्हा विशीच्या आरंभीचा जवान होता, सैन्याच्या प्रशिक्षकांच्या नजरेखाली होता, आणि त्याच्या पायांना लहानपणापासूनची सवय होती. ते सारे सोडून मी केवळ आकडा उचलला. बाजारात दुसऱ्याचा नफा ऐकून, त्याचे भांडवल न विचारता सौदा करणारे व्यापारी आपण पाहतोच. त्यांच्याविषयी मी कित्येकदा तुच्छतेने बोललो आहे.

असो. दिवाळीचा पाडवा झाला आणि मी पहाटे साडेपाचास घराबाहेर पडलो. आमच्या करजगीहून निघणाऱ्या रस्त्यांवर पहाटे सैन्याच्या व पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी पोरे धावत असतात. त्यांना १६०० मीटर ठरावीक मिनिटांत गाठावयाचे असते, म्हणून ती बाणासारखी सुटतात. त्यांच्यामागे मीही सुटलो. दोन्ही बाजूंस तुरीची काळी राने, अंधार, अंगात स्वेटर आणि पायांत घरात वापरावयाचे कापडी बूट. चारशे पावलांवर छाती फुटेल असे वाटले. दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलवरून जाणारा एक गवळी थांबून काळजीने विचारू लागला, "सावकार्रे, यल्लिगे?" कुठे निघालात, एवढेच त्याने विचारले, पण सावकार पहाटे धावत सुटले म्हणजे कोणीतरी मागे लागले असणार किंवा कोठेतरी अनर्थ घडला असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो अनर्थ त्याने गावभर सांगितला, हे निराळे.

धावण्याच्या जोडीला मी एकभुक्त राहू लागलो. दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा चहा, आणि सूर्यास्तापूर्वी एक जेवण. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, तेव्हा मला गगन ठेंगणे झाले. दुकानातल्या ज्या काट्यावर तुरीची पोती मोजतो, त्याच काट्यावर मी रोज सकाळी उभा राही आणि हमाल मोठ्याने आकडा पुकारीत. त्या तीन किलोंपैकी बहुतेक पाणी होते, हे मला पुढे समजले. तिसऱ्या आठवड्यात आकडा जागचा हालेना, चिडचिड वाढली, एका जुन्या शेतकऱ्याला मी उगाच टाकून बोललो, आणि चौथ्या आठवड्यात उजव्या पायाच्या नडगीत अशी कळ निघाली की दुकानाची पायरी चढवेना. अस्थितज्ज्ञांनी सहा आठवडे धावणे बंद केले. हाडांना आणि स्नायुबंधांना भार पेलण्याची सवय व्हावयास महिने लागतात. दम त्यापेक्षा लवकर वाढतो, म्हणून मनुष्य फसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. ९० किलोचा मनुष्य धावतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक त्याच्या पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो.

त्या सक्तीच्या विश्रांतीत माझी कानउघाडणी केली ती सौभाग्यवतीने. एके दिवशी ताट वाढून ती म्हणाली, "अहो, दिवसभर उपाशी राहता आणि सूर्य बुडायच्या आत दोन दिवसांचं जेवता. मी रोज बघते. उतरणार कुठून?" मी उत्तर दिले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो आणि तोंडात जे जे जाईल ते ते, आडतीच्या मालाप्रमाणे, नोंदवू लागलो. ही वही मी तीन आठवडे ठेवली. सभासद बंधूंनी दुसरे काही केले नाही तरी एवढे अवश्य करून पाहावे.

त्या वहीतून जे निघाले ते सांगतो. धावताना मनुष्याच्या वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला, सुमारे एक उष्मांक खर्च होतो. म्हणजे ९० किलोचा मनुष्य पाच किलोमीटर धावला तर साडेचारशेच्या आसपास. वेग वाढविला तरी या आकड्यात फार फरक पडत नाही, कारण हिशेब अंतराचा आहे. आता एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. तेव्हा केवळ धावून एक किलो चरबी घालवावयाची तर ८५ किलोमीटर धावावे लागेल, तेही ताटात एक घास न वाढविता. उलट पाहा. दुकानात दिवसाकाठी माझे दहा चहा होत. प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास साखर. दिवसाची १०० ग्रॅम. साखरेच्या एका ग्रॅमला ४ उष्मांक, म्हणजे दुधाचे सोडून नुसत्या साखरेचे ४००. जे मी पहाटे घाम गाळून खर्च करू पाहत होतो, ते जवळजवळ सगळे गादीवर बसून कपातून परत येत होते. शेंगदाण्याची पोळी, तळलेले फरसाण आणि लग्नकार्यातली पंगत यांचा हिशेब मी येथे देत नाही. तो प्रत्येकाने आपापल्या वहीत मांडावा.

चहा सोडणे वाटते तितके सोपे नाही. समोरचा शेतकरी पंचवीस वर्षांचा गिऱ्हाईक असतो, त्याच्याबरोबर कप न उचलणे म्हणजे त्याचा अपमान. मी असे केले, की चहा येऊ द्यावयाचा, परंतु माझा कप अर्धा आणि बिनसाखरेचा. पोऱ्याला एकदा सांगितले, पुन्हा कधी सांगावे लागले नाही. महिन्याभराने जिभेला साखरेचा चहाच नकोसा झाला.

दुसरी गोष्ट ताटातली. उपाशी राहून वजन उतरविले तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि धावण्याची सारी भिस्त तर स्नायूंवर. आपल्या शाकाहारी, कंदमुळे वर्ज्य असलेल्या ताटात स्नायूंसाठी लागणारे प्रथिन येते ते मुख्यत्वे डाळींतून आणि दुधातून. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिन असते. ज्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती हजारो पोत्यांनी विकणारा मी, माझ्या वाटीत मात्र पातळ फोडणीचे पाणी घेत होतो! आता वाटी दाट असते, दोनदा असते. ज्वारीची भाकरी दोन, भाजी पुष्कळ, तेल मोजून. आमच्या घरी द्विदल पाळतात, त्यामुळे डाळीबरोबर दही-ताक नाही. ताक सकाळी अकराला, निराळे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपला परिपाठ मात्र या कामी फार उपयोगी आला. तो मी नव्याने काही लावून घेतला नाही. रात्री रोजमेळ लिहिताना बशीत येणारे "थोडेसे तोंडात टाकायला" तेवढे आमच्या दुकानात हळूहळू शिरले होते, ते बंद केले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तुरीची आवक ओसरली आणि मी पुन्हा आरंभ केला, या वेळी चालण्यापासून. चार आठवडे रोज अर्धा तास नुसते चालणे. भरतीची पोरे वाऱ्यासारखी शेजारून जात. मी मान खाली घालून चाले. त्यांतला एक, आमच्याच हमालाचा मुलगा, एके दिवशी थांबून म्हणाला, "काका, तुम्ही त्या वेळी पहिल्याच दिवशी भरतीला निघाला होता." त्यानेच मला मिनिट मोजावयाचे घड्याळ लावून दिले. एक मिनिट धावावयाचे, दोन मिनिटे चालावयाचे, असे आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस धावणे. मधल्या दिवशी चालणे किंवा विश्रांती. दर आठवड्याला धावण्याचा अवधी थोडा वाढवावयाचा, आणि पाय कुरकुरला तर तोच आठवडा पुन्हा. ही चालण्या-धावण्याची पद्धत आता जगभर नवशिक्यांसाठी रूढ आहे. जॉश क्लार्क या अमेरिकन गृहस्थांनी १९९६ साली आखलेला नऊ आठवड्यांचा क्रम तिच्यात सर्वांत प्रसिद्ध. मला मात्र नऊचे एकोणीस आठवडे लागले.

वेगाविषयी मला जे समजले ते न्यूझीलंडच्या एका जुन्या प्रशिक्षकाच्या हकिगतीतून. आर्थर लिडियर्ड हे त्यांचे नाव. त्यांच्या दोन शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली, परंतु आपल्यासारख्यांच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम पुढचे आहे. हृदयविकार झालेल्या, पोट सुटलेल्या मध्यमवयीन लोकांना त्यांनी ऑकलंड शहरात सावकाश धावावयास लावले, त्यांचे मंडळ काढले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे विख्यात प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले. वय ५१. स्वतः धावपटू घडविणारा हा मनुष्य त्या मंडळाबरोबर सहज म्हणून निघाला आणि सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका वृद्धाने त्याला टेकडीवर मागे टाकले. बॉवरमन ओशाळले, तेथेच रोज धावू लागले, परत गेले तेव्हा त्यांचे पोट उतरले होते. पुढे १९६७ साली त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत सामान्य माणसे रस्त्यावर धावू लागली. या सर्वांचा नियम एकच होता: शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. बोलणे तुटले की वेग अधिक झाला. मला शेजारी नसे, म्हणून मी मनातल्या मनात न म्हणता मोठ्याने णमोकार मंत्र म्हणे. मध्येच श्वास तुटला की चालू लागे. वेग इतका कमी होता की एकदा एक म्हैस माझ्या पुढे गेली. त्याची थट्टा घरात अजून चालते.

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. सूर्योदयानंतर धावणे अशक्य, आणि सूर्योदयापूर्वी पाणी घ्यावयाचे नाही, हा पेच होता. मी त्या दोन महिन्यांत पहाटेचे धावणे २५ मिनिटांवर आणले, आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी पाणी भरपूर पिऊ लागलो, आणि लांबचा पल्ला पावसाळ्यावर ढकलला. ज्या घरांत नवकारसी पाळतात तेथे सूर्योदयानंतरही ४८ मिनिटे थांबावे लागते. त्यांनी तर उन्हाळ्यात लांब धावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाच्या झटक्याने माणसे दगावतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकाएकी खाली जाऊन मनुष्य रस्त्यातच बेशुद्ध पडू शकतो. चाळिशीपुढच्या, आणि घरात हृदयविकार असलेल्या प्रत्येकाने आरंभापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. मी ती दुसऱ्या वेळी करून घेतली, पहिल्या वेळी नाही. अप्पांची आठवण असताना पहिल्या वेळी ती का केली नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

पावसाळ्यात आमची काळी माती बुटांना अशी चिकटते की प्रत्येक पाऊल शेराने जड होते. म्हणून डांबरी रस्ता धरला, आणि सोलापुराहून धावण्याचे बूट आणले. बुटांची किंमत ऐकून अण्णांनी विचारले, "आणि पूर्वीचे लोक काय घालून धावत होते?" प्रश्न रास्त होता. पूर्वीचे लोक अनवाणी धावत. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले हे आपल्या भागातले थोर धावपटू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी वर्गातले तरुण अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिले, त्यांच्या वेळेची ऑलिंपिकशी तुलना केली, आणि त्यांतल्या निवडक खेळाडूंना १९२० साली अँटवर्प येथे पाठविण्यात पुढाकार घेतला. चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, आजच्या ४२.१९५ पेक्षाही अधिक. त्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडून १९ वा क्रमांक मिळविला. मी हे अण्णांना सांगितले. अण्णा म्हणाले, "ते ९० किलोंचे नव्हते. घे बूट."

ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकची स्टीपलचेसची अंतिम शर्यत आपल्याकडील मध्यरात्रीनंतर झाली. साबळे ११ वा आला. चिरंजीव जागे होते. मी पहाटे उठावयाचे म्हणून झोपलो होतो, याची मला अजून हळहळ वाटते.

भाद्रपदात पर्युषण आले. तोवर मी सलग ३० मिनिटे धावू लागलो होतो, वजन ८४ वर होते, आणि काही स्नेही मला म्हणू लागले की, दहा दिवस उपवास धर, दौडही चालू ठेव, चार किलो एकदम उतरतील. या सूचनेने मला खरोखर वाईट वाटले. उपवास हे तप आहे. काट्यावरचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून केलेला उपवास तप राहत नाही, आणि औषध म्हणूनही तो वाईटच. मी दरवर्षीप्रमाणे एकाशने केली, अनंत चतुर्दशीस उपवास केला, आणि ते दहा दिवस धावलो नाही. सकाळी मंदिरापर्यंत चालत गेलो, एवढेच. दहा दिवस थांबल्याने काही बिघडले नाही. उलट नडगीची बारीक ठणक होती तीही गेली. पारण्याच्या दिवशी मात्र मी तीन लाडू खाल्ले, हे वहीत नोंदलेले आहे.

शर्यत २०२५ च्या जानेवारीत होती, १० किलोमीटरची. हंगाम ऐन भरात. आवक पाहता त्या रविवारी दुकान सोडणे मुनीमजींना मुळीच पसंत नव्हते. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भाकरी, डाळ आणि थोडा गूळभात जेवलो. शर्यत साडेसहाला सुटली तेव्हा सूर्य उगवला नव्हता. शंख फुंकल्यासारखा भोंगा झाला आणि शेकडो माणसे पळत सुटली; मलाही मोह झाला, परंतु दिवाळीनंतरच्या त्या पहाटेची आठवण नडगीतच होती. मी मंत्र मोठ्याने म्हणत राहिलो. शेजारची एक बाई, साठीच्या आतबाहेरची, हसून म्हणाली, "काका, जोरात म्हणा, मलाही ऐकू येऊ द्या." आम्ही तीन किलोमीटर बरोबर धावलो. पाचव्या किलोमीटरपर्यंत ऊन वर आले होते. पाण्याच्या टेबलाशी माझे चिरंजीव घरून आणलेले गाळलेले पाणी घेऊन उभे होते, ते उभ्यानेच चार घोट घेतले. सातव्यानंतर पाय शिशाचे झाले. आठ ते नऊ मी अर्धे अंतर चाललो, हे कबूल करतो. १ तास २६ मिनिटे लागली. माझ्या मागे फार थोडे लोक होते.

त्या दिवशी दुपारी एक वाजता मी दुकानात होतो. हमालांनी पोती बाजूला सारून मला काट्यावर चढविले आणि नेहमीच्या सुरात पुकारले: "एक्याऐंशी, चारशे!" अकरा महिन्यांत, पहिल्या फसलेल्या खटाटोपानंतर, जवळजवळ दहा किलो. फेब्रुवारीच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ५.७ आला. डॉक्टर म्हणाले, उंबरठ्यावरून मागे सरकलात, पण अंगणात अजून आहात, चालू ठेवा. कंबर ९६ सेंटिमीटर, म्हणजे अजून सहा उरलेच आहेत.

सौभाग्यवती आता रोज माझ्याबरोबर चालते. धावणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले आहे. भरतीच्या पोरांपैकी तो हमालाचा मुलगा निवडला गेला आणि पेढे देऊन गेला. आणि मार्चमधल्या एका पहाटे मी दार उघडले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. पायांत जुन्या चपला, कानाला मफलर, खिशात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खडीसाखर. "मारुतीच्या देवळापर्यंत," ते म्हणाले, "आणि हळू. बोलता आलं पाहिजे म्हणतोस ना?"